ठोकणारं डिझेल इंजिन: खोलण्याआधी आवाजाचं मूळ शोधा

रब्बीचं ओलीत ऐन भरात असतं, भारनियमनात दिवसाची लाइन नसते आणि नाल्यावर ठेवलेलं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन नेमकं तेव्हाच ठोकायला लागतं. अशा वेळी बहुतेक कास्तकार थेट मिस्त्रीला बोलावून हेड खोलायला लावतात. घाई इथेच नडते. हेड खोललं की पॅकिंग नवं लागतं, टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर ठरवणारे स्क्रू) पुन्हा लावावे लागतात, आणि आवाज फ्लायव्हीलच्या चावीचा (जड चाक शाफ्टवर पक्कं धरणाऱ्या खिळीचा) असेल तर एवढं करूनही तो तसाच राहतो. म्हणून आधी आवाज कुठला ते ठरवायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा. पुढची माहिती एका सिलिंडरच्या, पाण्यावर थंड होणाऱ्या, मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या पेटर पद्धतीच्या इंजिनासाठी आहे. मोठ्या चाकांच्या, सावकाश चालणाऱ्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनालाही क्रम हाच, फक्त आकडे वेगळे. ते त्याच्या पुस्तिकेतून घ्या.

हात लावण्याआधी

फिरत्या चाकाजवळ दुपट्टा, धोतराचा सोगा, पदर, मोकळी बाही यांतलं काहीही असू नये. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. मुठीत अंगठा अडकवून धरलं आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडतं. इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका. तो फवारा चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो दाबाने निघतो आणि कातडीतून आत शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतलं मांस सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

इंजिन विहिरीतल्या ओट्यावर बसवलं असेल तर ते चालू असताना किंवा नुकतंच बंद केलेलं असताना खाली उतरू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस ओरडण्याआधीच पडतो. एकजण पडला म्हणून त्याला काढायला दुसऱ्याने तसंच उतरायचं नाही. सायलेन्सरचा पाइप विहिरीच्या काठाच्या वर काढणं हे आवाज शोधण्याच्याही आधीचं काम आहे.

इंजिन नेहमी डिझेल तोडूनच बंद करायचं. डिकॉम्प्रेशनची दांडी उचलून बंद करायची सवय असेल तर ती आजच सोडा. चालत्या इंजिनात व्हॉल्व्ह असा उघडा धरला की त्याची सीट ठोकरते, आणि पुढे ठोका नाही तरी कॉम्प्रेशनची तक्रार नक्की येते.

सोबत एवढं असू द्या: रिंग आणि फिक्स पान्यांचा संच, फिलर गेज (बारीक अंतर मोजायच्या पातळ पत्त्या), खडू, काचेची रिकामी बाटली, स्वच्छ सुती कापड, लांब स्क्रूड्रायव्हर, लहान लोहचुंबक आणि इंजेक्टरखाली बसणारे तांब्याचे दोन नवे वॉशर.

तीन प्रश्न

पहिला प्रश्न: डिझेल तोडल्यावर आवाज थांबतो का? इंजिन चालू असताना बंद करायची दांडी ओढा आणि चाक आपल्या वेगाने फिरून थांबेपर्यंत कान देऊन ऐका. डिझेल तुटताच ठोका एकदम गेला तर दोष जळणाचा असण्याची शक्यता मोठी. चाक फिरतंय तोवर ठोका सुरूच राहिला तर काहीतरी ढिलं किंवा झिजलेलं आहे.

दुसरा प्रश्न: इंजिन गरम झाल्यावर आवाज कमी होतो की वाढतो? डिझेलचा ठोका आणि पिस्टन लाइनरवर आपटल्याचा आवाज थंडीत जास्त असतो आणि गरम झाल्यावर उतरतो. बिगएंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं, बेअरिंग याच्या उलट वागतं. ऑइल गरम होऊन पातळ झालं आणि वर लोड आला की त्याचा जड 'धप्-धप्' वाढत जातो.

तिसरा प्रश्न: दर फेरीला ठोका येतो की एक फेरी सोडून? फ्लायव्हीलवर खडूची खूण करा आणि वेग कमीत कमी ठेवून खूण वर येते तेव्हाच आवाज येतो का ते जुळवा. टॅपेट दोन फेऱ्यांत एकदाच टकटकतो. ढिली चावी किंवा झिजलेलं बेअरिंग प्रत्येक फेरीला बोलू शकतं.

जागा हेरायला लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला लावा आणि टोक आधी रॉकरच्या झाकणावर, मग इंजेक्टरजवळ, मग क्रँककेसच्या दारावर टेकवा. पट्टा आणि चाक यांच्यापासून हातभर लांब राहूनच.

यात एकच अपवाद आहे. ठोका जड असेल, खालून येत असेल आणि गरम झाल्यावर वाढत असेल तर 'एवढं वावर भिजवून घेऊ' म्हणू नका. इंजिन तिथेच थांबवा. आज फक्त बेअरिंगचे शेल (आतल्या अर्धगोल पट्ट्या) जातील. तसंच चालवलं तर क्रँक जाईल, आणि कनेक्टिंग रॉड तुटला तर तो क्रँककेस फोडून बाहेर येईल.

आधी बाहेरचं बघा

पट्टा उतरवा आणि इंजिन रिकामं चालवा. आवाज गेला तर तो इंजिनाचा नव्हताच. पट्ट्याचा जोड पुलीवर आपटत असेल, किंवा पंप बोलत असेल. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की सक्शन वाढतं. कागदावर पंप दहा मीटरवरून पाणी ओढतो, पण प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे गेलात की पाण्यात वाफेचे फुगे होऊन ते इंपेलरवर फुटतात आणि पंपातून गिट्टी फिरल्यासारखा आवाज येतो. फुटव्हॉल्व्हच्या जाळीला शेवाळ आणि पाला बसला तरी हेच होतं. इलाज पंप खाली घेणं आणि जाळी धुणं. इंजिनाला हात लावायची गरजच नाही.

पुली बदलली असेल तर तिथेही नजर टाका. इंजिनावर ६ इंची आणि पंपावर ४ इंची पुली म्हणजे १५०० × ६ ÷ ४, पंपाचा वेग २२५० फेऱ्या. सेंट्रिफ्यूगल पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दीडपट झाला तर ताकद जवळपास ३.४ पट लागते. 'पाणी जास्त पडावं' म्हणून इंजिनावर मोठी पुली चढवली की इंजिन काळा धूर टाकत ठोकायला लागतं, आणि दोष नोझलला दिला जातो.

मग पाया. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ओतलेला काँक्रीटचा ओटा हलतो आणि बोल्ट ढिले होतात. खणताना मुरूम लागेपर्यंत जायला हवं. इंजिनाच्या पायाशी, बोल्टच्या शेजारी ऑइलचे दोन थेंब सोडा. इंजिन चालू असताना सांध्यात बुडबुडे आत-बाहेर होताना दिसले तर तो पाय उचलतोय.

फ्लायव्हीलच्या चावीकडे विशेष लक्ष द्या, कारण तिचा ठोका हुबेहूब बेअरिंगसारखा वाटतो आणि त्यापायी अनेक चांगली इंजिनं विनाकारण खोलली जातात. इंजिन बंद करून चावीच्या कडेला बघा. तिथे गेरूसारखी लाल भुकटी दिसली तर चावी आणि शाफ्ट एकमेकांवर घासताहेत. खात्री करायची तर शाफ्टच्या टोकावरून हबवर जाईल अशी खडूची सरळ रेघ मारा, पाच मिनिटं इंजिन चालवा, थांबवून बघा. रेघ तुटली तर चाक शाफ्टवर सरकतंय. नुसती चावी ठोकून आत बसवणं हा इलाज नाही. चर रुंदावला असेल तर ती पुन्हा ढिली होणार, आणि सुटलेलं फ्लायव्हील माणूस मारू शकतं. चर साफ करून लेथवाल्याकडून मापाची नवी चावी बसवून घ्या.

डिझेल, पाणी आणि हवा

इंजिन मध्येच दम खातं, वेग वर-खाली करतं, एखादा ठोका चुकवतं, तेव्हा आधी टाकीच्या तळाचं पावभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं आणि मधली रेघ स्वच्छ दिसते. पावसाळाभर अर्ध्या भरलेल्या ड्रममध्ये ठेवलेल्या डिझेलमध्ये पाणी असणारच. रॉकेल मिसळलेलं डिझेल असेल तर त्याचा वंगणपणा कमी असतो आणि फ्यूएल पंपाचा प्लंजर त्यानेच झिजतो. डिझेल संशयाचं वाटलं तर टाकी रिकामी करून खात्रीच्या पंपावरचं दोन लिटर टाकून बघा. आवाज बदलला तर पुढचं सगळं करायची गरज नाही.

फिल्टर बदला, मग हवा काढा. क्रम चुकवू नका:

१. टाकीचा कॉक उघडा. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू एक-दोन आटे ढिला करा. फेस येईल, मग बुडबुड्यांशिवाय सलग धार येईल. धार वाहत असतानाच स्क्रू आवळा.

२. तसंच फ्यूएल पंपाच्या स्क्रूला करा.

३. इंजेक्टरच्या टोकाचा नट अर्धा फेरा ढिला करा, वेगाची दांडी पूर्ण ठेवा, डिकॉम्प्रेशन उचलून हँडल फिरवा. नटाखालून डिझेल उसळलं की आवळा. यावेळी नटावर कापड टाका आणि तोंड दूर ठेवा.

४. नट आवळून पुन्हा सावकाश हँडल फिरवा. नीट काम करणारा इंजेक्टर दर दाबाला 'कर्र' असा कुरकुरतो. हा आवाज एकदा कानात बसला की अर्धं निदान त्यावरच होतं. कुरकुर नसेल तर एकतर हवा राहिली, किंवा नोझल अडकलाय.

हवा काढूनही पुन्हा पुन्हा येत असेल तर पोकळ बोल्टांचे वॉशर तपासा. अॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा दबलेला वॉशर दुसऱ्यांदा वापरला की तिथून हवा ओढली जाते. हा काही रुपयांचा वॉशर वाचवण्यात शहाणपणा नाही.

इंजेक्टर

डिझेल तोडल्यावर गेलेल्या ठोक्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. नोझल टपकत असेल किंवा स्प्रिंग सैल पडून कमी दाबाला उघडत असेल तर डिझेलचे बारीक तुषार न होता थेंब पडतात. थेंब पेटायला वेळ लागतो, तोवर आणखी डिझेल साचतं आणि मग ते सगळं एकदम पेटतं. आपण ऐकतो तो ठोका याच भडक्याचा. सोबत काळा धूर आणि डिझेलचा वाढलेला खप असतो.

इंजेक्टर काढण्याआधी भोवतीची माती डिझेलने धुऊन पुसा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. काढल्यावर भोकात टॉर्च मारून बघा. तांब्याचा जुना वॉशर बहुतेक वेळा आतच चिकटून राहतो. तो न काढता वर नवा टाकला की दोन वॉशर होतात, नोझल वर उचलला जातो, फवारा चुकीच्या जागी पडतो, आणि 'नवा नोझल टाकला तरी ठोकतं' ही तक्रार सुरू होते. वॉशर एकच, नवा आणि सपाट. इंजेक्टरचे दोन्ही नट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा. एका बाजूने पूर्ण आवळला तर नोझल तिरका बसून सुई अडकते.

नोझलची चाचणी मात्र दाबाच्या मशीनवरच व्हावी. तालुक्याच्या ठिकाणी डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान असतं, तिथे न्या आणि समोर उभं राहून तीन गोष्टी बघा: पुस्तिकेतल्या दाबाला, बहुधा २०० किलोच्या आसपास, तो उघडतो का, धुक्यासारखा सारखा फवारा पडतो का, आणि दाब थोडा कमी ठेवून धरला तर टोक कोरडं राहतं का. सुईच्या टोकाला पॉलिश पेपर लावणारा दिसला तर नोझल परत घ्या.

टॅपेट

रॉकरचं झाकण काढा. हलकी, कोरडी टकटक एक फेरी सोडून येत असेल तर दोष इथे. इंजिन थंड हवं. चाक चालीच्या दिशेने फिरवा. एअर क्लीनरच्या बाजूचा इनलेट व्हॉल्व्ह उघडून बंद झाला की पुढे टीडीसीची (पिस्टन अगदी वर असल्याची) खूण चाकाजवळच्या सुईसमोर येईपर्यंत न्या. आता दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. न हलल्यास तुम्ही एक फेरी चुकलात, चाक पूर्ण एक फेरा फिरवा.

पेटर पद्धतीच्या इंजिनात साधारण इनलेटला ०.१५ ते ०.२० मिमी आणि एक्झॉस्टला ०.२० ते ०.२५ मिमी अंतर असतं. पुस्तिकेत वेगळं असेल तर पुस्तिकेचंच धरा. गेज सरकताना लोण्यातून नव्हे, जरा घासून जायला हवं. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना अंतर बदलतं. आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट करून ठेवणं ही वाईट सवय आहे. व्हॉल्व्ह गरम झाल्यावर वाढतो, सीटवर बसत नाही, जळतो, आणि मग हँडल मारून खांदे भरून येतात तरी इंजिन उचलत नाही.

थंड पाणी, गरम इंजिन

ही बाब फार थोडे लोक बघतात. पंपाच्या डिलिव्हरीतून इंजिनाला येणाऱ्या पाण्याचा कॉक सर्रास पूर्ण उघडा असतो. विहिरीचं गार पाणी जोरात वाहतं, इंजिन कधी तापतच नाही आणि अर्धवट थंड सिलिंडरमध्ये डिझेल उशिरा पेटून ठोकतं. कॉक एवढाच उघडा ठेवा की बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेत हात दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टिकू नये. म्हणजे ६० अंशांच्या आसपास. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-दर्यापूरकडे, खाऱ्या पाण्याने हेडच्या आतल्या वाटांत क्षार बसतात. तिथे याच्या उलट होतं: कॉक पूर्ण उघडूनही इंजिन तापतं. दर हंगामाला पाण्याची वाट साफ करावी लागते.

पाणी तुटून इंजिन तापलं तर त्याच्यावर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. डिझेल तोडा आणि हात लावता येईल इतकं होईपर्यंत थांबा.

टायमिंग

फ्यूएल पंप काढून बसवल्यानंतर ठोका सुरू झाला असेल तरच इथे या. पंपाखालचे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) हरवले किंवा कमी बसले की डिझेल वेळेआधी पडतं आणि इंजिन कडक, धातूवर हातोडी मारल्यासारखं बोलतं. शिम काढला की टायमिंग पुढे येतं, वाढवला की मागे जातं.

तपासायचं असं: इंजेक्टरला जाणारा पाइप पंपाच्या बाजूने सोडा, वेगाची दांडी पूर्ण ठेवा, कॉम्प्रेशनच्या दिशेने चाक अगदी हळू फिरवा. पंपाच्या तोंडातलं डिझेल ज्या क्षणी हलतं तिथे थांबा. फ्लायव्हीलवरची इंजेक्शनची खूण सुईसमोर हवी. खूण झिजली असेल तर मोजून काढता येते. पुस्तिकेत टीडीसीआधी २३ अंश दिलेत असं धरू. चाकाचा घेर दोरीने मोजा. घेर १४४० मिमी असेल तर एक अंश म्हणजे ४ मिमी, म्हणून टीडीसीच्या ९२ मिमी आधी. एका वेळी एकच शिम बदला आणि पुन्हा तपासा.

आतलं

एवढं सगळं करूनही जड ठोका राहिला तर क्रँककेसचं दार उघडा. डिझेल बंद, हँडल बाजूला. आधी ऑइल बघा. पातळी आपोआप वाढलेली आणि वास डिझेलचा असेल तर पंपाचा प्लंजर गळतोय. ते ऑइल पातळ झालेलं आहे, बेअरिंग त्यानेच गेलं असणार. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरलंय. तळाच्या गाळात चकचकीत कण असतील तर चुंबक फिरवा. चुंबकाला न चिकटणारे कण बेअरिंगचे, चिकटणारे लोखंडाचे.

पिस्टन खाली आणून कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली ढकला. बाजूला किंचित सरकणं चालतं. वर-खाली 'टक' जाणवला तर बिगएंड गेलं. शेलच्या मागे पत्रा, कागद किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी घालून ठोका दाबणारे मिस्त्री अजूनही आहेत. त्याने शेलची उष्णता बाहेर जात नाही आणि महिनाभरात क्रँकसकट सगळं जातं. क्रँक मायक्रोमीटरने मोजून घ्या. गोलाई गेली असेल तर घासून त्या मापाचे शेल टाका. कॅप कानशीने घासू देऊ नका.

हेड खोललंच असेल आणि नवं पॅकिंग पातळ मिळालं असेल, तर पिस्टन हेडला टेकतो की नाही ते शिशाच्या तारेने बघा. पिस्टनवर ग्रीस लावून तारेचे तुकडे ठेवा, हेड पूर्ण आवळा, चाक एक फेरा फिरवा, खोलून दबलेल्या तारेची जाडी मोजा. मिलिमीटरभराच्या आसपास असते. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या.

नवे शेल टाकल्यावर पहिला एक तास इंजिन रिकामं चालवा. दर पंधरा मिनिटांनी थांबवून क्रँककेसच्या दारावर हाताचा मागचा भाग टेकवून ऊब बघा. एकाच जागी चटका बसला तर बेअरिंग घट्ट बसलंय. पुढचे आठ-दहा तास अर्ध्या लोडवर, म्हणजे डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून चालवा. मग ते ऑइल गरम असतानाच पूर्ण काढा, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं नवं भरा आणि हेडचे नट इंजिन थंड झाल्यावर पुन्हा आवळून टॅपेट परत मोजा.